अस्थी, हात लावू नये

१

पेटी गेल्याचं कळलं त्या दिवशी मी सांगलीला चारूची खोली रिकामी करायला आलो होतो.

चारू म्हणजे माझी बायको, डॉ. चारुलता. सांगलीच्या एका धर्मादाय इस्पितळात ती हाडांची डॉक्टर होती. मी साताऱ्याला एस.टी.त तिकीट तपासनीस. ती सांगलीत, मी साताऱ्यात, सुटीला एकत्र, असाच आमचा संसार झाला. दिवाळीनंतर तिला कावीळ झाली आणि त्यातच ती गेली. मूलबाळ नाही. तिच्या मागचं सगळं मी सांगलीतच, कोणाला न बोलावता, एकट्याने उरकलं आणि ड्यूटीवर हजर झालो. त्र्याहत्तर साल संपत आलं होतं.

तिची कामाची खोली इस्पितळाच्या मागच्या बाजूला. कपाटाची किल्ली कॅलेंडरामागच्या खिळ्याला असायची. वॉर्डातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. किल्ली जागेवर होती. कुलूप लावलेलं होतं. मी कपाट उघडलं, तर खालच्या फळीवर पेटी नव्हती. फळीवर फक्त एक तांबूस डाग होता. तिच्या खोलीत औषधांचे डाग सगळीकडे पडलेले असत, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पेटी सागवानी, पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधलेली, गाठीवर लाखेची मोहोर. फडक्यावर तिच्या अक्षरात लिहिलेलं: 'अस्थी. हात लावू नये. डॉ. चारुलता.'

ते लिहिताना मी तिथेच बसलो होतो. मी म्हणालो होतो, "सरळ हाडं लिही की."

ती म्हणाली, "हाड हाड काय? कुत्र्याला हाकलतेय का मी? आणि पुण्याचे कर्नल येऊन बघणार. 'हाडं' वाचलं तर त्यांना वाटेल खानावळीतून आणली."

पेटीत मेंढ्यांच्या पायाची हाडं होती. मोडलेलं हाड सांधायला डॉक्टर आत पोलादी सळई घालतात. जखमेत आधीच पू असेल, तर सळईभोवती तो वाढतो आणि हाड कुजत जातं. चारूने सळईवर चांदीचा मुलामा चढवून बघितला. चांदीपाशी पू धरत नाही, असं तिचं म्हणणं. मेंढ्यांना भूल देऊन काहींच्या पायात तिने साधी सळई घातली, काहींच्या पायात चांदीची, आणि सगळ्यांच्या जखमेत मुद्दाम पू सोडला. वर्षभराने हाडं सळयांसकट काढून उभी चिरली. साध्या सळईची काळी पडून कुजली होती. चांदीची स्वच्छ जुळली होती. ते तिने पाहिलं, पुन्हा बांधलं आणि मोहोर लावली. कर्नलसमोर फोडायची म्हणून.

शुक्रवारी पुण्याच्या लष्करी इस्पितळातले ते कर्नल येणार होते. ते दुसऱ्या कशासाठी नाही, एका पायासाठी येणार होते. कडेगावकडचा सयाजी नावाचा जवान वॉर्डात होता. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगाने त्याची मांडी फुटली. तेव्हापासून हाड जुळत नव्हतं आणि पू थांबत नव्हता. आता ताप चढत होता. हाडं बघून खात्री पटली तर कर्नल चांदीच्या सळईला परवानगी देणार होते आणि चारू नाही म्हणून ती स्वतःच घालणार होते. नाहीतर पाय कापायचा.

आणि पेटी कपाटात नव्हती.

२

इस्पितळाचे मुख्य डॉक्टर गोपाळकृष्ण आठल्ये. पाय कापावा असं त्यांचं पहिल्यापासून मत होतं. चारूशी त्यांचे वाद सगळ्या इस्पितळाने ऐकले होते. मी सरळ त्यांच्याकडेच गेलो.

"चिंतामणराव, तुम्ही माझी चौकशी करताय?" ते म्हणाले. "बसमध्ये शिरल्यासारखे शिरलात. तिकीट दाखवू?"

"पेटी गेली, तर तुमचं म्हणणं खरं ठरतं. म्हणून विचारतो."

"माझं म्हणणं खरं ठरवायला मला चोरी करावी लागत नाही. तो ताप बघा त्याचा." मग स्वतःहून म्हणाले, "पेटीत काय होतं ते तिने मला दाखवायला बोलावलं होतं. मी गेलो नाही. मेंढ्यांवरून माणसाचं ठरवायचं नसतं, असं म्हणालो. ते बघितलं असतं तर आज निदान सांगू तरी शकलो असतो."

"एक्स-रे आहेत ना?"

"आहेत. फोटोत हाड जुळलेलं दिसतं. आत पू आहे की नाही ते दिसत नाही. कर्नल तेच विचारणार." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वॉर्डात बोंब नको. त्या पोराला आणि त्याच्या आईला काही कळू देऊ नका. आशेवर तर ताप सोसतोय तो."

मी खोलीत परत आलो. तिचे कागद, वह्या, एक्स-रेची पाकिटं जशीच्या तशी. तिचं काम बुडवायचं असेल तर माणूस हेही नेईल. आठल्यांना कशाची किंमत किती ते कळत होतं. त्यांनी फक्त पेटी नेली असती असं वाटेना. पण मग कोणी?

३

सयाजीच्या खाटेपाशी मी बसलो. अंग तापलेलं, तरी मिशीला पीळ होता.

"या साब. पुढच्या सीटवर बसा. मागं वास येतो," तो आपल्या पायाकडे बोट करून म्हणाला.

त्याची आई राहीबाई उशाशी बसली होती. नऊवारी, कपाळ मोकळं. सयाजीने पडल्या पडल्या, वेळ जावा म्हणून, तिला अक्षरं शिकवली होती. तेव्हापासून ती दिसेल ते वाचायची.

"दादा, ऐका," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघत एकेक अक्षर जुळवत गेली, "शां-त-ता रा-खा. धा डाव लिवलंय, पन राखतंय कोन? ती नर्सबाई तर लय वरडती."

"आई, हळू. तीच येतीय."

राहीबाई हसली. मग माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाली, "दादा, आता जिवाला घोर लावून घेऊ नगा. बाईंचं सगळं नीट झालं. आता ह्याच्या पायालाबी उतार पडंल बगा."

लोक समजूत घालायला असंच काहीतरी बोलतात. मी मान डोलावली. ती पाणी आणायला गेली.

"परवा माहुलीला जाऊन आली ती," सयाजी म्हणाला. "देवाला. तवापास्नं खुशीत हाय." मग त्याने विचारलं, "साब, शुक्रवारी पेटी फोडणार ना? डॉक्टरसाब बोलल्या होत्या, हाडं बघितली की कर्नल नाही म्हणायचा नाही."

मी म्हणालो, "हो. फोडणार."

"आईसमोर मेंढरांचं काढू नका. तिला सांगितलेलं नाही. मेंढरावानी माझ्या पोराला करणार म्हणून भ्याली, तर नको म्हणून बसेल."

मी पुन्हा हो म्हणालो. तिकिटं तपासताना लोक माझ्याशी खोटं बोलतात, ते मला चटकन कळतं. त्या दिवशी खोटं मी बोललो आणि सयाजीला ते कळलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी मी विट्याला गेलो. सळयांना चांदीचा मुलामा देणारा नाथाजी विट्याचा. बरीच वर्षं दूर दक्षिणेत त्याचं सोनं-चांदी गाळायचं दुकान होतं. म्हातारपणी गावी परतला होता. चांदी त्याच्या हातची, तेव्हा संशय त्याच्यावरही होता.

पेटी गेली म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं, "आन नव्या सळया? त्या जवानासाठी केलेल्या, ताटात ठिवलेल्या?"

मी आठवून बघितलं. त्या टेबलावर होत्या. झाकण काढलेलं, उजेडात चमकत होत्या.

"न्हेल्या न्हाईत?" नाथाजी मोठ्याने हसला. "आवं, आमच्या विट्याची पोरं दुकान झाडल्यावरची मातीबी जाळत्यात आन त्यातनं सोनं काढत्यात. आन तुमचा ह्यो चोर डोळ्यांम्होरची चांदी टाकून हाडं न्हेतोय? ह्यो चोर न्हवं गड्या, ह्यो येडा तरी हाय न्हाईतर साधू."

मग तो हसायचा थांबला. "चारुलताबाईंनी माज्याकडनं घासून घासून काम करून घेतलं. एक बारीक डाग दिसला तरी सळई परत. असलं गिऱ्हाईक मला दुकानात भेटलं न्हाई." त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "त्या धुळ्याला विचारा."

"कोण धुळा?"

"ज्याची मेंढरं हुती त्यो धनगर. म्हयन्यामागं हितं आला हुता. म्हनत हुता, माज्या मेंढरांची हाडं कपाटात कोंडल्यात, म्हून कळपात रोग शिरलाय. हाडं पुरल्याबगर ऱ्हात न्हाई, म्हनला."

५

धुळा तासगावच्या अलीकडे सापडला. द्राक्षबागेला लागून असलेल्या रानात त्याने खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. मला बघून उठला. मला वाटलं, पळतोय. तो घोंगडं अंथरायला उठला होता.

"हाडं मागत होतास का?" मी विचारलं.

"व्हय सायेब. मागत हुतो. खोटं कशाला बोलू? कोंडून ठिवू नये, मातीत घालावीत. बाई म्हनल्या, धुळा, त्या हाडांनी एक पाय वाचनार हाय, मग तुला देते. मी म्हनलं, मग ठिवा. पायापरास रोग मोठा हाय व्हय?"

"तू कपाटाला हात लावला नाहीस?"

"बिरोबाची आन. माजी मेंढरं हितं, मी तिकडं कवा येऊ?"

मी कंटाळलो होतो. शुक्रवार जवळ येत होता आणि माझ्याजवळ काही नव्हतं. मी चारू बोलायची तसा बोललो. "मग त्या अस्थी नेल्या कोणी?"

धुळ्याने डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. त्याचा चेहरा उतरला.

"बाईंच्या अस्थी? आवं सायेब, तुमी आजून सोडल्या न्हाईत?"

"बाईंच्या कुठल्या? तुझ्या मेंढ्यांच्या."

"मेंढराची हाडं असत्यात," धुळा म्हणाला. "अस्थी मान्साच्या."

मी तिथेच घोंगड्यावर बसलो.

परतीच्या गाडीत मी सगळं एकामागे एक मांडत गेलो. चांदी नेली नाही. कागद नेले नाहीत. कपाटाला पुन्हा कुलूप लावलं, किल्ली जागेवर टांगली. चोर असं करत नाही. देवघरातलं भांडं घेऊन जाणारं घरचं माणूस असं करतं. फडक्यावर अस्थी आणि खाली माझ्या बायकोचं नाव. चारूच्या, आठल्यांच्या तोंडी अस्थी म्हणजे कुठलंही हाड. गावाकडे तो शब्द एकाच वेळी निघतो. आठल्यांना, नाथाजीला, धुळ्याला, सयाजीला आत काय आहे ते माहीत होतं. म्हणजे नेणाऱ्याला ते माहीत नव्हतं. पण त्याला वाचता येत होतं. नुकतंच येऊ लागलं होतं. आणि फळीवरचा तो डाग औषधाचा नव्हता. ते कुंकू होतं. सवाष्ण मेलेल्या बाईला लावतात ते.

माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. आमच्याकडची माणसं तिथे देवाला जातात. आणि अस्थी सोडायलाही जातात.

६

राहीबाई इस्पितळाच्या नळावर सयाजीच्या पट्ट्या धूत होती. मी शेजारी दगडावर बसलो. रागावून बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तशी वेळ आलीच नाही.

"राहीबाई, पेटी तुम्ही नेलीत?"

"व्हय." तिने हात पुसले. तिच्या तोंडावर भीती नव्हती. "तुमास्नी सांगनारच हुते दादा. पन म्हनलं, पुन्यांदा जिवाला लागंल. खोली झाडाय गेले, कपाट पुसावं म्हून उघडलं, तर पेटी. वाचलं. लय येळ लागला, पन वाचलं. मग तितंच बसून रडले. म्हनलं, दादांच्यानं सोडवंना, म्हून कुलपात ठिवल्यात. माजं मालक गेलं तवा माजंबी तसंच झालं हुतं. गाडगं झाडाला टांगलं आन न्ह्यायला मन घेईना."

मी वाहता नळ बंद केला.

"मला उमगलं. बाईंचा जीव हितं कपाटात अडकलाय. म्हून माज्या लेकाच्या पायातला पू थांबंना. त्येच्यासाठी लय झटल्या वं त्या. त्यास्नी मोकळं केलं की त्योबी सुटंल."

"कशी नेलीत?"

"सवाष्न गेल्या, म्हून हळद-कुक्कू लावलं. माज्या हातनं चालत न्हाई, म्हून नर्सबाईला लावाय लावलं. लिवलेली बाजू खाली केली आन देवाचं हाय म्हनलं. पदराखाली घिऊन गाडीत बसले. कंडक्टर म्हनला, म्हातारे, सामानाचं तिकीट काढ. म्या म्हनलं, सामान न्हवं रं, डाक्टरीनबाई हायत. त्यो गप बसला." ती थोडी ओशाळली. "तुमच्या खात्याचं एक तिकीट बुडवलं मी."

"आणि पुढे?"

"नावंतनं मदी गेले. जितं दोन्ही पाणी मिळतंय तितं सोडली. लय जड हुती. म्हनलं, बाईंचं मन आजून आमच्यात गुतलंय, म्हून जड लागतीया." तिने माझ्याकडे बघितलं. "चुकलं का वं माजं?"

आत पोलाद होतं म्हणून जड होती. ज्या पायासाठी तिने पेटी सोडली, तोच पाय त्या पेटीत होता. हे मला म्हणता आलं असतं.

मी म्हणालो, "नाही. बरं केलंत."

ती पुन्हा पट्ट्या धुवायला बसली.

७

मी माहुलीला गेलो. नावाडी भला माणूस होता. पाण्यात उतरणारी दोन माणसं घेऊन त्याने दिवसभर डोह ढवळला. मी काठावर उभा राहून बघत होतो. नदीला ओढ होती आणि तळाशी गाळ. नाव पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. संध्याकाळी नावाडी म्हणाला, "साहेब, हितं सोडलेलं परत गावत न्हाई. गावू नये म्हणूनच सोडत्यात." दुसऱ्या दिवशीही आम्ही शोधलं. काही मिळालं नाही.

शुक्रवारी कर्नल आले. सभ्य, शांत माणूस. आठल्यांनी एक्स-रे पुढे ठेवले, चारूचे कागद ठेवले. आणि मला अपेक्षा नव्हती ते बोलले. "मी ती हाडं पाहिलेली नाहीत. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती. तिने स्वच्छ म्हटलं असेल, तर ती स्वच्छ होती."

कर्नल म्हणाले, "डॉक्टर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण तुम्ही न पाहिलेलं, मी न पाहिलेलं, ते एका जवानाच्या शरीरात कसं घालू? तुम्ही घालाल?"

आठल्यांनी एक्स-रे पाकिटात परत घातले. मग म्हणाले, "नाही."

पाय सयाजीचा होता, म्हणून मी त्याला खरं सांगितलं. राहीबाई बाहेर होती. त्याने सगळं ऐकलं. मला वाटलं, तो ओरडेल.

"साब," तो म्हणाला, "तिला जोडाक्षर येत नव्हतं. 'स्थ' तर लय अवघड जायचा. मी स्टँडवरच्या पाटीवरनं शिकवला. बसस्थानक, बसस्थानक. लय दिवस घोकून घेतला तिच्याकडनं." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तिला सांगू नका. कधीच नको."

"नाही सांगणार."

"आणि कुणालाच नको. गावात कळलं तर तिला कोण ना कोण सांगणारच."

पाय मांडीतून कापला. त्यानंतर त्याचा ताप उतरला. राहीबाई मला दारात भेटली तेव्हा रडत होती आणि हसतही होती. "पाय ग्येला दादा, पन लेकरू ऱ्हायलं. बाईंनीच राखलं. येळेवर सोडलं म्हून." तिने माझ्या दोन्ही हातांना धरलं. मला हात सोडवून घेता येईना. नर्सने हाक मारली तेव्हा ती गेली.

पोलिसांत मी काही दिलं नाही. आठल्यांना मी इतकंच सांगितलं की पेटी नदीत गेली आणि नेणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी नाव विचारलं नाही. त्यांना ते कळलं असावं. सयाजी आणि त्याची आई आता वारली आहेत, म्हणून हे लिहितो.

इस्पितळ सोडताना मी आठल्यांना विचारलं, चारूचं काम पुढे कोण नेणार? ते म्हणाले, "कागद आहेत, रीत लिहिलेली आहे. पण कागदावर कोणी पाय देणार नाही. नवी मेंढरं घ्यायला हवीत, पुन्हा सळया घालायला हव्यात, वर्षभर थांबून हाडं चिरून बघायला हवीत. ते करणारं माणूस माझ्याकडे नाही."

"तुम्ही?"

"माझे हात आता कापतात, चिंतामणराव."

चारूचे कागद मी साताऱ्याला आणले. पुण्याला दोन ठिकाणी दाखवले. एकाने वाचून परत केले, एकाने न वाचता. मला त्यातलं काही करता येत नाही. मेंढ्यांवरचा तो प्रयोग पुन्हा करायला हवा. तो अजून कोणी केलेला नाही.